फॅट टायर सायकलला मोटार: सड्याच्या चढाला काय टिकेल?

सडेकरी · १२ जानेवारी

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची वाडी खाडीकाठाला आणि कलमं वर सड्याच्या (जांभ्या खडकाच्या पठाराच्या) कडेला. मधे साडेसहा किलोमीटर. त्यातली पहिली दीड किलोमीटर घाटी, तेवढ्यात १८० मीटर चढ. मग गाडीवाट, मग पऱ्याची (ओढ्याची) वाळू, शेवटी जांभ्याचा उघडा कातळ. मोहोर धरला की दिवसाआड वर जावंच लागतं. मोटरसायकल एका गडग्यातल्या (दगडी कुंपणातल्या) अरुंद बेड्यातून जात नाही, सायकल जाते. म्हणून दोन वर्षांपूर्वी २६ × ४ ची फॅट टायर सायकल घेतली. वाळूत आणि कातळावर ती फार सुरेख चालते. घाटीत मात्र वय जाणवायला लागलं (५४ पूर्ण), म्हणून दिवाळीनंतर मागच्या चाकात बसणारी मोटार मागवली. ३६ व्होल्ट, २५० वॉट, सोबत १३ अँपिअर-तासाची बॅटरी. विकणाऱ्याने सांगितलं, "कुठलाही चढ चढेल."

तीन आठवडे चढली. चौथ्या आठवड्यात घाटीच्या मध्यावर घरघर झाली आणि मोटार नुसती आत फिरायला लागली, चाक जागचं हलेना.

काल पडवीत चाक आडवं ठेवून झाकण उघडलं. आत पांढऱ्या नायलॉनचे तीन गिअर असतात. दोघांचे दात मऊ होऊन एका बाजूला दबलेले, तिसऱ्याचे सहा दात मुळापासून गेलेले. ग्रीस काळं आणि पातळ, तापलेल्या तेलाचा वास, आणि त्यात दातांचे पांढरे कण, भाताच्या कण्यांसारखे. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "याहून मोठी मोटार घ्या."

मला मोठी मोटार घ्यायची घाई नाही. आधी कळायला हवंय की झालं काय. कुणी सड्यावर, घाटात, शेतात असं काही चालवत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

पाणंद · १२ जानेवारी

दादा, जुन्नरकडून लिहितोय. तुमचं झालं तेच माझं झालं होतं. चाकातली मोटार सपाटीची. चढाला क्रँकवरची (पॅडलच्या दांड्याला जोडलेली) मोटारच हवी, म्हणजे मोटारीला सायकलचे गिअर वापरता येतात. माझ्याकडे बाफांगची बीबीएसएचडी आहे, ४८ व्होल्ट १००० वॉट. आमचा मळा आणि डोंगराच्या पोटातली आमचीच जमीन, तिथेच फिरवतो. १६० न्यूटन-मीटर जोर आहे, भिंतीवर चढेल असं वाटतं.

पण दोन गोष्टी सांगतो. पहिल्या महिन्यात दोन चेन तोडल्या. मोटार जोरात असताना गिअर बदलला की चेन तुटणारच. आता गिअर बदलायच्या आधी ब्रेकचा खटका हलका दाबतो, मोटार क्षणभर सुटते, मग बदलतो. दुसरं म्हणजे घेण्याआधी बीबीची (बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पॅडलचा दांडा फ्रेममधून जिथून जातो ती) नळी व्हर्नियरने मोजा. साध्या सायकलची ६८ किंवा ७३ मिलिमीटर असते, फॅटची बहुधा १००, काहींची १२०. माप चुकलं तर मोटार परत पाठवण्यात महिना जातो.

तारजोड · १३ जानेवारी

सडेकरी काका, मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते. तुमच्या लिहिण्यात सगळे आकडे आहेत, म्हणून हिशेबच मांडते.

दीड किलोमीटरला १८० मीटर म्हणजे १२ टक्के चढ. तुम्ही, सायकल, मोटार, बॅटरी, पाण्याची बाटली मिळून ११५ किलो धरू. ताशी ८ किलोमीटरने चढायचं तर नुसतं वर उचलायला ३०० वॉट लागतात. खडबडीत वाटेवर जाड टायरचं घर्षण आणखी ७५ च्या आसपास. एकूण ३७५. तुमच्या पायांतून १०० येतात असं समजा (दहा मिनिटं सलग हे काही कमी नाही). उरलेले २७५ मोटारीने चाकाला द्यायचे.

आता खरी गोम. तुमच्या चाकाचा परीघ अंदाजे २.३ मीटर. ताशी ८ ला चाक मिनिटाला ५८ फेरे घेतं. ही मोटार ताशी २५ साठी केलेली, म्हणजे १८० फेऱ्यांसाठी. १८० ला ती घेतलेल्या विजेतला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग चाकाला देते. ५८ वर, पूर्ण जोर लावलेला असताना, निम्मी वीज आतच उष्णता होऊन राहते. म्हणजे बॅटरीतून ५५० वॉट गेले आणि २७५ वॉट त्या बंद डब्यात साठत गेले. आमच्या वर्कशॉपमधली डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) २५ वॉटची असते. तशा अकरा इस्त्र्या एका अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात घालून अकरा मिनिटं चालू ठेवल्या असं डोळ्यापुढे आणा. नायलॉन मऊ पडणारच. तुमच्या मोटारीत बिघाड नव्हता, तिला तिच्या जागी चालवलं नव्हतं.

गिअरबॉक्स७ · १३ जानेवारी

तारजोड ताई, छान समजावलंत. मग काकांनी हीच मोटार कमी फेऱ्यांच्या वाइंडिंगची (आतल्या तारेच्या वेढ्यांची) घेतली तर? भार नसताना मिनिटाला २६० फेरे घेणारी येते तशी २०० वालीही येते. ती चढाला चांगली असं सगळीकडे वाचलंय.

तारजोड · १३ जानेवारी

हा समज फार पसरलाय, म्हणून थोडं थांबून सांगते. तेवढ्याच आकाराच्या मोटारीत तांबं तेवढंच मावतं. जाड तारेचे कमी वेढे घाला नाहीतर बारीक तारेचे जास्त, तेवढाच जोर तेवढ्याच फेऱ्यांना काढायचा असेल तर उष्णता तेवढीच होते. संथ वाइंडिंगला कंट्रोलरकडून (मोटारीला वीज सोडणाऱ्या डबीकडून) कमी धारा लागते, व्होल्टेज जास्त लागतं, एवढाच फरक. डब्यातली उष्णता कमी करायची तर मोटारीकडून मागितला जाणारा जोर कमी करायला हवा. आणि इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: तांब्यातली उष्णता धारेच्या वर्गाने बदलते. धारा निम्मी केली की उष्णता चौथाई.

खाडीवारा · १३ जानेवारी

नायलॉनऐवजी पोलादी गिअर मिळतात. ते घाला, विषय संपला.

तारजोड · १४ जानेवारी

नका घालू. नायलॉन गेलं म्हणून वाइंडिंग वाचलं. पोलाद टिकेल, मग वेढ्यांवरचं वार्निश जळेल आणि हॉल सेन्सर (मोटार कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणारे) जातील. गिअर काही शे रुपयांत मिळतात, मोटार नाही.

वकिलीबाज · १४ जानेवारी

पाणंद भाऊंनी १००० वॉट स्वतःच्या जमिनीत चालवतो म्हटलंय, ते ठीक. पण वाचणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पॅडलला मदत करणाऱ्या सायकलला मोटार वाहनातून सूट आहे, पण अटींवर: मोटारीची ३० मिनिटांची क्षमता २५० वॉटपेक्षा कमी, बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, आणि मोटारीची मदत वेगाबरोबर कमी होत जाऊन ताशी २५ ला बंद, पॅडल थांबवलं तर त्याआधीच बंद. त्यापलीकडे गेलात की ते वाहन झालं. नोंदणी, विमा, परवाना सगळं आलं. १००० वॉटचा घरगुती जोड रस्त्यावर आणलात आणि कुणाला धडक बसली, तर विमा नाही आणि सूटही नाही. काकांच्या वाटेत गावचा रस्ता ओलांडावा लागत असणार, तेव्हा २५० सोडू नये असं माझं स्पष्ट मत.

अभयारण्यात तर हा प्रश्नच वेगळा. भीमाशंकर, कोयना, राधानगरी इथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरता येत नाही. सायकल आवाज करत नाही म्हणून चालेल असं समजू नका.

सडेकरी · १५ जानेवारी

तारजोड ताई, तुमचा प्रतिसाद कागदावर उतरवून पडवीत चिकटवलाय. अकरा इस्त्र्यांनी सगळं उमगलं. वकिलीबाज, बरोबर ओळखलंत, रस्ता दोनदा ओलांडतो, आणि शाळेच्या समोरच. २५० च ठेवणार.

क्रँकवरची २५० वॉटची मोटार शोधली. बाफांगची बीबीएस०१ आहे, पण ती ६८-७३ मिलिमीटरच्या नळीची. माझी मोजली, १०० भरली.

डोंगरदिवा · १५ जानेवारी

काका, मग वेगळी दिशा सुचवतो. जांभा कठीण असतो, त्याला ४ इंच हवेतच असं नाही. ७३ मिलिमीटर बीबीची फ्रेम घ्या, त्यात जेवढा रुंद टायर बसेल तेवढा घाला आणि क्रँकवर २५० वॉट. नवी जोडणी करणाऱ्याने तरी आधी नळीचं माप बघावं, मग सायकल पसंत करावी. बहुतेक जण उलट करतात.

सडेकरी · १५ जानेवारी

सायकल अजून घेतलीच नसती तर हेच केलं असतं. पण पऱ्याची वाळू पावणेदोनशे मीटर आहे, तिथे ४ इंचांनी मला वाचवलंय. सायकल तीच ठेवून काय होतं ते बघतो.

कातळफूल · १६ जानेवारी

थोडं विषयाला सोडून, पण सांगायलाच हवं. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, सड्यांवरच काम करते. पावसाळ्यात सडा नुसता खडक नसतो. बोटभर मातीच्या थरात आणि वीतभर डबक्यांत जी फुलं येतात, त्यांतली कितीतरी फक्त अशाच जागी वाढतात. एका चाकाची ओली रेघ पुढच्या वर्षीही दिसते, मी पाहिली आहे. आणि तुमच्या भागात कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणपट्टीतल्या ज्या जागा गेल्या त्यांत कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ तुमच्याच परिसरातल्या. शिल्पाची रेघ कातळात जेमतेम काही सेंटिमीटर खोल असते, कडा झिजल्या की गेली. जाड टायर हळुवार असतात हे खरं, पण मोटार लागली की लोक वाट सोडतात. कृपया गाडीवाटेवरूनच जा.

सडेकरी · १६ जानेवारी

ताई, मनापासून पटलं. आमच्या कलमांच्या वरच्या अंगाला एक चौकट आहे, आत मासा आणि काही न कळणाऱ्या आकृती. लहानपणी आम्ही तिथे गुरं सोडून खेळायचो. आता मुंबईची मुलं गाड्या घेऊन येतात तेव्हा पोटात गोळा येतो. माझी वाट तिथून शंभर पावलांवरून जाते, ती बदलणार नाही. पावसाळ्यात तर सड्यावर पायीच.

उत्तरेचा · १७ जानेवारी

मिनेसोटाहून नमस्कार. इथे फॅट बाइक म्हणजे बर्फाची सायकल. इथल्याच सर्ली कंपनीने २००५ साली पग्सली नावाची फॅट बाइक बाजारात आणली आणि दुकानात सहज मिळणारी जाड टायरची सायकल तिथून सुरू झाली. मोटारीचं मला फार कळत नाही, हवेचं कळतं. सडेकरी, तुम्ही किती हवा भरता?

सडेकरी · १७ जानेवारी

सायकलवाला भरून देतो तेवढी. आज मोजली, २२ पीएसआय.

उत्तरेचा · १८ जानेवारी

फार झाली. डांबरी रस्त्याला ती ठीक. खडबडीत वाटेवर १० ते १२ ठेवा, वाळूत ६ पर्यंत उतरा. कडक टायर प्रत्येक दगडावर सायकल उचलतो, ती उचलण्याची ताकद तुमची आणि मोटारीची जाते. मऊ टायर दगड पोटात घेतो. मात्र डांबरावर १० पीएसआयने बॅटरी भराभर खाल, तेव्हा छोटा पंप सोबत हवाच.

पाणंद · १८ जानेवारी

आणि जांभ्याला धार असते. फार कमी हवेत रिमचा चिमटा बसून ट्यूब फाटते, मोटारीच्या वजनाने मागची आधी. आमच्याकडे बाभळीचे काटे, तुमच्याकडे करवंदीचे. ट्यूबमध्ये सीलंट घाला. रानात मोटारीचं चाक काढून पंक्चर काढणं म्हणजे पाना, वायर, वॉशर सगळं मातीत.

सडेकरी · २ फेब्रुवारी

नवे गिअर आले. बसवताना दुसरीच गोष्ट दिसली आणि अंगावर काटा आला. मोटारीचा दांडा १२ मिलिमीटरचा, दोन बाजूंनी चपटा, चपट्यात १० मिलिमीटर. हा चपटा भागच दांड्याला गरगर फिरण्यापासून अडवतो. माझ्या फ्रेमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत त्याच्या कडा रुतून खाच दोन्ही बाजूंनी गोलसर झाली होती. आतून निघणारी वायर दांड्याजवळ पिळली होती आणि वरचं रबर सोललं होतं. आणखी आठवडाभर चालवली असती तर दांडा फिरून वायर तुटली असती, आणि चाक निसटलं असतं तर घाटी उतरताना.

किटमध्ये टॉर्क आर्म (दांडा फिरू नये म्हणून फ्रेमला बांधायची पट्टी) नव्हताच. बसवायचा असतो हे कुणी सांगितलंही नाही.

तारजोड · २ फेब्रुवारी

काका, चाक अजिबात चालवू नका आधी. ४५ न्यूटन-मीटरचा जोर १० मिलिमीटरच्या चपट्यावर पेलायचा म्हणजे कडांवर साडेचारशे किलोच्या आसपास रेटा. दोन्ही खाचांत वाटला तरी सव्वादोनशे. अ‍ॅल्युमिनियम हळूहळू दबतंच. फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ मिलिमीटर पोलादी पट्टीचे दोन टॉर्क आर्म करून घ्या. खाच १० मिलिमीटरला घट्ट बसली पाहिजे, हाताने हलता कामा नये. दुसरं टोक फ्रेमच्या नळीला क्लॅम्पने. नट टॉर्क पान्याने ४० न्यूटन-मीटरला आवळा, आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा बघा.

सडेकरी · ९ फेब्रुवारी

केले. आमच्या बाजारातला वेल्डर हुशार आहे. त्याने पट्टीला खाच आधी साडेनऊची पाडली आणि दांडा शेजारी ठेवून कानशीने घासत घासत आणली. शेवटी दांडा लाकडी हातोडीने हलकेच ठोकून आत गेला. दोन आर्म, चारशे रुपये. खराब झालेली खाच त्याने भरून पुन्हा कापली नाही. म्हणाला, अ‍ॅल्युमिनियम तापवलं की त्याची ताकद जाते, त्यापेक्षा सगळा भार पट्टीवर घे.

शिकाऊ_चालक · १० फेब्रुवारी

बॅटरीबद्दल कुणी लिहा ना. ३६ व्होल्ट १३ अँपिअर-तासात किती जाणार? आणि स्वस्तात जुळवून देणारे आहेत, घ्यावी का?

तारजोड · १० फेब्रुवारी

३६ गुणिले १३ म्हणजे ४६८ वॉट-तास. रानवाटेला किलोमीटरमागे १५ ते २५ धरा. काकांचं जाऊन-येऊन १३ किलोमीटर, २० ने २६०. चाळीस टक्क्यांवर शिल्लक राहते, म्हणजे त्यांना पुरून उरते. तुमच्या वाटेचा हिशेब असाच करा, विकणाऱ्याने सांगितलेले किलोमीटर विसरा.

जुळवून देणारा चांगला असू शकतो, पण त्याला विचारा: सेल कुठले, सगळे एकाच लॉटचे का, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) किती अँपिअरचं, निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड केली की डाग देऊन चिकटवली. सेलला थेट डाग दिलेली बॅटरी घेऊच नका, त्या उष्णतेने सेलचं आतलं बिघडतं. बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज हवाच. ३६ व्होल्टचा पॅक म्हणजे दहा सेल ओळीत, पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट. ४८ व्होल्टचा चार्जर ५४.६ देतो, आणि पिन कधीकधी सारखीच असते. घरात दोन सायकली असतील तर चार्जरवर रंग लावून ठेवा. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नका, तासभर निवू द्या. लावायची तर पडवीत, फरशीवर, जिन्याच्या किंवा दाराच्या वाटेत नाही. आग लागली तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी. पावसाळ्यात महिने-दोन महिने ठेवून द्यायची असेल तर अर्ध्याच्या थोडी वर भरून ठेवा, पूर्ण भरून नाही.

हे सगळं मी वर्गात दरवर्षी सांगते. एका विद्यार्थ्याच्या शेजारच्या घरात रात्री चार्जिंगला लावलेला पॅक पेटला होता. माणसं वाचली, कारण ती मागच्या दाराने निघाली.

सडेकरी · १४ मार्च

महिनाभर चालवून लिहितोय. काय केलं ते असं.

मागचं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा जोड) १४-२८ दातांचं होतं, ते १४-३४ केलं. पुढची चकती २८ दातांची. आता घाटीत ताशी ६ ने, मिनिटाला पन्नासेक पॅडलने, दम न लागता चढतो. मोटारीची मदत दुसऱ्या पायरीवर, त्याच्या वर नाही. तारजोड ताईंनी निरोपातून हिशेब करून दिला: पूर्वी मोटारीकडून ४५ न्यूटन-मीटर मागत होतो, आता ३३ च्या आत. उष्णता जवळपास निम्मी. चढायला चार मिनिटं जास्त लागतात.

घाटीच्या माथ्याला दोनशे मीटरचा टप्पा आहे, तिथे चढ १८ टक्क्यांच्या वर जातो. तिथे मी उतरतो. बटण दाबून धरलं की सायकल चालण्याच्या वेगाने आपली आपण वर जाते, मी हँडल धरून शेजारून चालतो. मोटारीला ११५ किलोऐवजी चाळीसेक किलोच ओढावे लागतात. पूर्वी या टप्प्यावर सायकल ढकलताना कंबर जायची, तिथे आता मोहोराकडे बघत चालतो.

माथ्यावर पोचल्यावर हबला (चाकाच्या मधल्या मोटारीच्या डब्याला) हात लावून बघतो. जानेवारीत हात ठेववत नव्हता, आता ठेवून दहा अंक मोजता येतात. पाचशे किलोमीटर झाल्यावर झाकण उघडलं: गिअर पांढरेशुभ्र, ग्रीस जागच्या जागी.

ब्रेकही बदलले. वर चढायच्या नादात उतरण्याचा विचार मी केलाच नव्हता. वजन आठ किलोंनी वाढलं आणि मूळचे केबलचे डिस्क ब्रेक घाटी उतरताना शेवटी शेवटी नुसते ओरडायचे. पुढे १८० मिलिमीटरची डिस्क, दोन्हीकडे हायड्रॉलिक, आणि लिव्हरला चुंबकाचा सेन्सर, म्हणजे ब्रेक धरला की मोटार सुटते. कुणी मला आज विचारलं तर सांगेन, मोटारीच्या आधी ब्रेकचे पैसे बाजूला काढ.

पाणंद · १४ मार्च

काका, मान गये. मी तुम्हाला सरळ क्रँकची मोटार घ्या म्हटलं होतं. माझ्या चढाला आजही तीच घेईन, पण तुमच्या वाटेला तुम्ही काढलेलं उत्तर जास्त योग्य आहे.

शिकाऊ_चालक · १५ मार्च

पावसात काय करणार काका? कंट्रोलर झाकायचा कसा?

सडेकरी · १५ मार्च

सड्यावर पायी, हे कातळफूल ताईंना कबूल केलंय. पण खालच्या वाडीपर्यंत सायकल लागतेच. कंट्रोलर सीटखालच्या पिशवीत आहे, तोंड खाली करून. हबमधून निघणारी वायर दांड्यापासून आधी खाली झुकवून मग वर फ्रेमला बांधली आहे, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून जातं, दांड्यातून आत जात नाही. जोडांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. धुताना पाइपचा जोरदार फवारा मारत नाही, ओल्या फडक्याने पुसतो.

तारजोड · १५ मार्च

झोळ किती खाली ठेवलाय? फार लोंबता ठेवलात तर गाडीवाटेच्या मधल्या गवतात अडकून जोड उपटला जाईल.

सडेकरी · १६ मार्च

आज मोजला, दांड्याच्या खाली चार बोटं. तुमचं वाचून दोन बोटांवर आणला आणि टॉर्क आर्मच्या पट्टीमागे सरकवला. उद्या फवारणीला वर जायचंय, येताना बघतो कुठे घासतो का.